डाव्या कोपऱ्यातले रिकामे छिद्र

रविवारी सकाळी न्याहारीच्या टेबलावर धाकटे आपल्या नेहमीच्या खुर्चीवर न बसता खिडकीजवळच्या खुर्चीवर बसले, आणि ताईंच्या हातातली चहाची किटली अधांतरी थांबली.

"ती दादाची जागा आहे," ताई म्हणाल्या.

"ठाऊक आहे."

"मग?"

"मग काही नाही. छोटी म्हणाली, आज इथे बस. बसलो."

ताईंनी किटली खाली ठेवली. या घरात खुर्च्या विणल्या जात, विकल्या जात, दुरुस्तीला येत आणि जात. परंतु न्याहारीच्या टेबलाभोवतीच्या पाच खुर्च्या आकाशस्थ ग्रहांप्रमाणे आपापल्या कक्षेत अढळ होत्या. खिडकीजवळची दादांची. तिच्या उजवीकडे त्यांच्या पत्नीची, वहिनींची. समोर बहिणीची, ताईंची. दाराशेजारी दादांच्या एकुलत्या एका कन्येची. ती आता एकोणतीस वर्षांची होती, रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट होती, तरी घरात तिला छोटीच म्हणत. आणि भिंतीकडे तोंड केलेली, मागचा एक पाय डुगडुगणारी खुर्ची धाकट्या भावाची, धाकट्यांची. सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यापैकी सत्तावीस वर्षे त्यांनी त्या भिंतीकडे पाहत चहा घेतला होता. आज त्यांना प्रथमच कळले, की खिडकीतून समोरच्या घराची गच्ची दिसते आणि तिथे कोणीतरी रोपांना पाणी घालत असते.

या साऱ्या अनर्थाचे मूळ मागच्या महिन्यातल्या एका पेन्सिलीत होते. छोटीने एके दिवशी चौघा वडीलधाऱ्यांना एकेक करून भिंतीला पाठ लावून उभे केले आणि त्यांच्या आकृत्या रेखाटल्या. दादांची मान पुढे झुकलेली निघाली. ताईंचा उजवा खांदा डाव्याहून दोन बोटे वर. वहिनींची कंबर उजवीकडे वळलेली. धाकटे तर नखशिखान्त असे कलले होते, की त्यांच्या अंगावर कायम वारा सुटला असावा असे वाटे.

कारण गूढ नव्हते. वेताची खुर्ची चार टप्प्यांत विणली जाते. प्रथम चौकटीच्या छिद्रांतून मागून पुढे उभ्या पट्ट्या ताणायच्या. मग त्यांवर आडव्या. मग दोन्ही दिशांनी तिरप्या. आणि शेवटी साऱ्या छिद्रांवरून काठ फिरवायचा. दादा उभ्या पट्ट्या घालीत, ताई आडव्या, धाकटे तिरप्या, वहिनी काठ. पस्तीस वर्षे याप्रमाणे चालले होते. एका हातून सुटलेली खुर्ची दुसऱ्या हाती जाई, आणि चौथ्या हातून ती गिऱ्हाइकाकडे जाई. अख्खी खुर्ची घरात एकालाही विणता येत नव्हती. धाकट्यांना मागे ताप आला, तेव्हा सतरा खुर्च्या तिरपीवाचून बाहेरच्या खोलीत भिंतीशी रांगेने उभ्या राहिल्या होत्या आणि वहिनी काठाची पट्टी हातात धरून रोज त्यांचा ताप मोजीत होत्या.

"वर्षानुवर्षं एकच हालचाल," छोटी त्या दिवशी म्हणाली होती. "कामं बदला. एक महिना प्रत्येकाने दुसऱ्याचं काम करायचं. शरीर सुधारेल, आणि डोकंही."

त्यावर दादा म्हणाले होते, "काम बदलून मान सरळ झाली असती, तर बदली होणाऱ्या सगळ्या कारकुनांच्या माना ताठ असत्या." विषय तिथेच संपला होता. असे निदान दादांना वाटले होते.

जिन्यावर त्यांची पावले वाजली. दादा आले, आपल्या खुर्चीमागे उभे राहिले आणि धाकट्यांच्या डोक्याकडे पाहू लागले. पुढचा माणूस तिकीट घेऊन बाजूला होईल, अशा निश्चिंतीने ते उभे होते.

"ऊठ."

"आज नाही," धाकटे म्हणाले. आवाज अपेक्षेपेक्षा बारीक निघाला.

दादांनी पत्नीकडे पाहिले. वहिनी पाव कापण्यात तल्लीन होत्या. अखेर दादा टेबलाला वळसा घालून भिंतीकडच्या खुर्चीवर बसले आणि तत्क्षणी मागे कलंडून पुन्हा पुढे आले.

"हिचा पाय हलतो!"

"सत्तावीस वर्षं हलतोय."

"मग सांगितलं का नाहीस? आपण खुर्च्यांचा धंदा करतो!"

"तू कधी बसला नाहीस," धाकटे म्हणाले.

छोटीने घड्याळाकडे पाहिले. "काका, सांगतोस, की मी सांगू?"

धाकट्यांनी आतल्या खिशातून एक लिफाफा काढला. एकोणीस दिवस तो त्यांच्या हृदयाशी होता. वेताच्या ओलाव्याने त्याच्या कडा पोटफुगी झाल्यासारख्या फुगल्या होत्या. पत्र परगावच्या कारागीर शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचे होते. तीन महिने येऊन पंधरा विद्यार्थ्यांना वेतकाम शिकवावे, अशी त्यांची विनंती होती. शाळेच्या नियमानुसार शिक्षकाने आरंभापासून अखेरपर्यंत स्वहस्ते विणलेली एक खुर्ची दाखवावी लागे. बाई कामानिमित्त याच गावावरून जाणार होत्या. रविवारी पाच वाजता येऊन खुर्ची पाहतील.

"रविवारी म्हणजे?" ताईंनी विचारले.

"आज."

"आणि तू काय कळवलंस?"

"होय म्हणून कळवलं."

दादांचा पेला बशीवर टेकला तो थोडा चहा बाहेर सांडूनच. "पण तुला अख्खी खुर्ची येत नाही!"

"नाही येत."

"मग होय कसं लिहिलंस?"

"'नाही' लिहायलाच बसलो होतो," धाकटे प्रामाणिकपणे म्हणाले. "कागद पुढे घेतला. मग वाटलं, आयुष्यभर आपण नाहीच लिहीत आलो. आणि हात 'होय' लिहून मोकळा झाला."

हे असत्य नव्हते. त्यांच्या विवाहाचा विषय तीनदा निघाला होता, आणि तीनदा वेत भिजत पडला होता म्हणून मागे पडला होता. समुद्र पाहायला जायचे एकदा ठरले, तेव्हा दादांच्या उभ्या पट्ट्या आठ खुर्च्या पुढे गेल्या होत्या. धाकट्यांनी कधी तक्रार केली नाही. पण हे पत्र आल्यापासून पहाटे जाग आली, की त्यांच्या डोळ्यांपुढे पंधरा अनोळखी चेहरे येत, आणि ते सारे आपल्याकडे बघत आहेत असे वाटे. त्यांच्याकडे असे कोणी फार दिवसांत पाहिले नव्हते. आज पाचच्या आत खुर्ची झाली नाही, तर ते चेहरे पुन्हा कधी येणार नव्हते. असे पत्र माणसाला दोनदा येत नाही, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

"मी शिकवते तुला आडवी," ताई एकदम म्हणाल्या. "जा तू. घरातलं एक माणूस तरी मास्तर होऊ दे." लगेच त्यांचा चेहरा बदलला. "पण थांब. तीन महिने तिरपी कोण घालणार? माझ्या आडव्या पट्ट्या वाळून कडक होतील. नाही बाबा, दादा म्हणतो तेच बरं."

"बाबा अजून काही म्हणालेच नाहीत," छोटी म्हणाली.

"म्हणेल ना आता."

दादा म्हणाले. त्यांना राग आला, की ते हळू बोलत. "अप्पांनी ही वाटणी उगाच केली नाही. त्यांना आणि त्यांच्या भावाला, दोघांनाही अख्खी खुर्ची येत होती. म्हणून एका भांडणात काका हत्यारं उचलून चालते झाले. त्यांना कुणाची गरजच नव्हती! त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत, मरेपर्यंत. अप्पा म्हणाले, माझ्या मुलांना प्रत्येकी पाव खुर्चीच शिकवेन. पाव खुर्ची घेऊन कोण जाईल? पस्तीस वर्षं हे घर एक आहे, ते त्या पाव खुर्चीमुळे."

धाकट्यांना वाटले, दादा म्हणतो त्यात तथ्य आहे. आपण उठून आपल्या डुगडुगत्या खुर्चीवर जावे. त्यांनी टेबलावर हात टेकवलाही.

परंतु जिंकत आलेल्या माणसाने थांबावे कधी, ही विद्या दादांना अवगत नव्हती. ते पुढे म्हणाले, "आणि समजा शिकवलं, तरी शिकवणार काय? पाया म्हणजे उभी पट्टी. तिला मध्य साधावा लागतो. बाकीचं काय, काठ तर कुणालाही जमतो."

पाव कापणारी सुरी थांबली.

"कुणालाही?" वहिनींनी विचारले.

"म्हणजे तसं नाही..."

"नाही, बरं झालं कळलं. भाऊजी, उठा. कुणालाही जमतो, तर तुम्हालाही जमेल. ताई, तुम्ही आधी आडवी दाखवा यांना. आज स्वयंपाक नाही. पाव आहे, उकडलेली अंडी आहेत, ज्याने त्याने सोलून खावीत."

"अहो, पण..." दादा म्हणाले. हा शब्द या घरात एरवी वहिनी वापरत.

वहिनींनी पक्ष बदलला होता. दादा उठले, कोपऱ्यात उभा असलेला अप्पांचा लाकडी गज त्यांनी उचलला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन तो मांडीवर आडवा घेऊन बसले. या गजावर प्रत्येक मापाच्या चौकटीची खूण अप्पांनी स्वतः कोरली होती. गजाचे टोक चौकटीच्या पुढच्या कडेच्या डाव्या कोपऱ्याला लावायचे, खुणेखाली जे छिद्र येईल तो मध्य; मागची कड आखूड, तिचा मध्य नजरेनेच साधे. तिथून पहिली पट्टी काढायची. दादांखेरीज कोणी त्याला हात लावीत नसे.

"गज नाही, तर मध्य कसा काढायचा?" कार्यशाळेत उतरल्यावर धाकट्यांनी हवालदिल होऊन विचारले.

छोटी चौकटीपुढे वाकली. लवकर व्हावी म्हणून त्यांनी लहान मुलाची खुर्ची निवडली होती. "पुढच्या कडेला एकोणीस भोकं. दहावं मधलं. मागे पंधरा, आठवं मधलं. झालं."

"असं नुसतं मोजून?"

"मग काय उपास करून?"

धाकटे पहिली पट्टी ओवू लागले. पस्तीस वर्षे जी गोष्ट जवळच बसून पाहिली, ती करायला गेल्यावर अगदी परकी वाटत होती. ओली पट्टी सुळकन निसटे. पाचर ठोकावी तर बोटावर बसे. चौथ्या पट्टीनंतर त्यांची मान पुढे झुकली आणि त्यांना दादांविषयी अकस्मात करुणा वाटली. आडव्या पट्ट्यांना ताईंनी धीर दिला तो मुख्यतः ओरडून. "ओढ! अरे, ओढ म्हणजे गोंजार नव्हे!" बारापर्यंत उभ्या झाल्या, दोनपर्यंत आडव्या. मधल्या वेळात त्यांनी एक अंडे खाल्ले, तेही कवचाच्या एका तुकड्यासकट.

मग तिरपी आली, आणि त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. हे आपले राज्य! बोटे आपोआप चालू लागली. डाव्या कोपऱ्यापाशी येताच सवयीने एक छिद्र सोडून पट्टी पुढच्या छिद्रात गेली, आणि विणीत मुठीएवढे भगदाड पडले.

त्यांनी पट्टी उसवली. पुन्हा घातली. हाताने पुन्हा एक छिद्र सोडले, पुन्हा भगदाड.

"काका, ते एक भोक का सोडतोस?" छोटीने विचारले.

"सोडायचंच असतं. तो तिरपीचा नियम आहे."

"कुणी सांगितला?"

धाकटे विचारात पडले. कोणी सांगितला होता? आरंभीची काही वर्षे आपण छिद्र सोडत नव्हतो, हे त्यांना आठवले. मग एकदा सोडले, ते छान बसले, आणि त्यांना वाटले की आपला हात आता पिकला. तेव्हापासून रोज सुटत होते. आणि तरीही कोपरा जरासा ढिला राही. दादा प्रत्येक खुर्ची उचलून बघत आणि म्हणत, 'डावा कोपरा सैल राहिला.' वर्षानुवर्षे, प्रत्येक खुर्चीला.

"वहिनी," त्यांनी हळूच विचारले, "तुम्ही काठ घालताना डाव्या कोपऱ्यात काय करता?"

"तिथे भोकाला वळसा देऊन रुंद पट्टी लावते. एक भोक उघडं राहतं ना? आपल्या घराची ती ओळखच आहे."

"आणि ताई, तू?"

"मी उजवीकडे जरा जास्त ओढते. आडवीला ओढावंच लागतं उजवीकडे."

छोटी बाहेर गेली. पुऱ्या झालेल्या खुर्च्यांच्या रांगेतून तिचे मोजणे ऐकू येत होते. ती दारात परतली तेव्हा तिचा चेहरा गंभीर होता.

"मागच्या कडेचं मधलं भोक आणि पुढच्या कडेचं नववं. प्रत्येक खुर्चीत. मोठ्या मापात तेरावं, पण तेही मधल्याच्या एक अलीकडेच. बाबांची पहिली पट्टी मध्यावर नाहीच."

ताईंनी आपल्या उंचावलेल्या उजव्या खांद्याला हात लावला. वहिनी स्वतःच्या कमरेकडे पाहू लागल्या. एका छिद्राच्या चुकीभोवती आपण चौघांनी एक संपूर्ण शास्त्र उभारले, हे तिथे सर्वांना एकाच वेळी उमगले. अखेर वहिनींना हसू फुटले आणि त्यांनी ते पदरात दाबले.

धाकट्यांनी पट्टी उसवून या वेळी एकही छिद्र न सोडता घातली, आणि वीण मिटली. "मी जातो," ते म्हणाले. "तुम्ही कोणी येऊ नका."

दादा मांडीवर गज घेऊन तसेच बसले होते. समोर अंड्याची कवचे व्यवस्थित एकावर एक रचून ठेवलेली होती.

"झाली?" त्यांनी न पाहताच विचारले.

"नाही. गज हवा होता."

"शेवटी हवाच ना!" दादांच्या स्वरात विजय होता, पण अर्धवट. ते स्वतःच उठून आले आणि रांगेतल्या एका रिकाम्या लहान चौकटीवर त्यांनी गज ठेवला, टोक डाव्या कोपऱ्याला, बोट खुणेवर. "हे बघ. असा येतो मध्य."

"मोज, दादा."

"मोजायचं कशाला? अप्पांचा गज आहे."

"एकदा मोज."

दादा मोजू लागले. नऊ म्हणताना त्यांचे बोट थांबले. दुसऱ्या बाजूने मोजले. अकरा. पुन्हा मोजले, ओठ न हलवता. मग त्यांनी गज उलटा करून टोक पाहिले. चाळीस वर्षे तो त्याच कोपऱ्यात, त्याच टोकावर, वेताच्या पाण्याने ओल्या राहणाऱ्या फरशीवर उभा राहत आला होता. लाकूड कुजून, घासून अर्ध्या पेराएवढे नाहीसे झाले होते. ते इतक्या सावकाशीने गेले होते, की कोणत्याही एका दिवशी काहीच घडले नव्हते.

"म्हणजे माझी चूक तू इतकी वर्षं झाकत आलास," दादा म्हणाले.

"मला कुठे ठाऊक होतं? मला वाटायचं, माझा हात पिकला."

"आणि मी तुला म्हणत आलो..."

"डावा कोपरा सैल राहिला."

दादा खाली बसले. त्यांचे वय त्या क्षणी दहा वर्षांनी वाढल्यासारखे दिसले. धाकट्यांना काही बोलायचे होते. परंतु दारावरची घंटा वाजली. पाच वाजायला वीस मिनिटे होती. शाळेच्या बाई वेळेच्या आधी येणाऱ्या होत्या.

मुख्याध्यापिकाबाई उंच होत्या आणि त्यांचा चष्मा गळ्यातल्या साखळीला लोंबत होता. नमस्काराची देवघेव होते न होते, तोच त्या रांगेतल्या पहिल्या खुर्चीपुढे वाकल्या आणि डावा कोपरा त्यांनी बोटांनी कुरवाळला.

"हेच ते! आमच्या शाळेत तुमच्या घरच्या दहा खुर्च्या आहेत. हे रिकामं भोक बघूनच तर मी पत्र लिहिलं. सगळं भरून टाकायचं नाही, एक जागा मोकळी ठेवायची. केवढा संयम! आमच्या मुलांना आम्ही हेच शिकवतो. परीक्षेत त्याला दोन गुण आहेत."

वहिनी तोंडाला पदर लावून स्वयंपाकघराकडे वळल्या.

"आणि तुमची खुर्ची?"

धाकट्यांनी लहान खुर्ची आणून पुढे ठेवली. दोन तिरप्या पट्ट्या धड होत्या, बाकीच्या राहिल्या होत्या, काठ नव्हता. बाईंनी चष्मा चढवला आणि कोपऱ्यापाशी थांबल्या.

"इथे भोक रिकामं नाही."

"नाही."

"पण मग... ही तुमच्या घरची वाटत नाही."

पंधरा चेहरे धाकट्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले आणि मागे सरकू लागले. ही पट्टी एवढीच उसवली, एक छिद्र सोडून घातली, की सारे सुरळीत होणार होते. बाई प्रसन्न, शाळा प्रसन्न, आणि दादांची लाज झाकलेली. नाहीतर सांगायचे. सांगायचे म्हणजे या परक्या बाईसमोर दादाची पस्तीस वर्षे उसवायची. दारात दादा उभे होते, हातात तो आखूड झालेला गज.

"बाई," धाकटे म्हणाले, "ते रिकामं भोक म्हणजे संयम वगैरे काही नाही. चूक आहे. माझ्या हाताला लागलेली खोड."

"थांब," दादा म्हणाले.

ते पुढे आले. त्यांनी गज बाईंच्या हातात दिला आणि टोक दाखवले. "खोड याच्या हाताची नाही. माझी पहिली पट्टी चुकीच्या भोकात पडते. याने ती सावरली, बहिणीने सावरली, बायकोने वरून झाकली. मी मोजलंच नाही कधी. आज याने पहिल्यांदा मोजून खुर्ची घातली. या घरातली खरी खुर्ची ही एकच."

बाईंनी गज पाहिला, रांग पाहिली, लहान खुर्ची पाहिली.

"एकशे चाळीस मुलं," त्या शेवटी म्हणाल्या. "एकशे चाळीस मुलांना मी या चुकीचे दोन-दोन गुण दिलेत."

"आता?" छोटीने विचारले.

"आता काय! ज्याच्या हाताला खोड लागली आणि ज्याने ती ओळखली, त्यानेच येऊन आमची खोड मोडावी. बुधवारी येता?"

"काठ अजून येत नाही मला," धाकटे म्हणाले. आज खरे बोलण्याची त्यांना चटकच लागली होती.

"बुधवारपर्यंत येईल?"

"उद्या दुपारपर्यंत येईल," वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "कुणालाही जमतो म्हणे." आणि त्यांनी दादांकडे पाहिले. दादांनी गजाकडे पाहिले.

बाई गेल्यावर प्रथम ताईंना वाचा फुटली. "ते सगळं ठीक. पण तीन महिने तिरपी कोण घालणार? मी नाही हां. मला आडवीच पुरे."

दादा कार्यशाळेत जाऊन धाकट्यांच्या बुटक्या बैठकीवर बसले. गुडघे हनुवटीशी आले. बादलीतून त्यांनी एक ओली पट्टी काढली आणि विणायला घेतलेली दुसरी खुर्ची पुढे ओढली. तिच्यात छोटीने सकाळी काकाच्या जोडीने मोजून उभ्या पट्ट्या घातल्या होत्या, आणि धाकट्यांना दाखवताना ताईंनी त्यांवर आडव्या.

"तू परत येशील ना?" पट्टीकडे बघतच त्यांनी विचारले.

धाकट्यांना आता कळले, की सकाळी दादा भांडत होते ते पट्टीसाठी नव्हते आणि गजासाठीही नव्हते.

"काका गेले ते भांडून गेले, दादा. अख्खी खुर्ची येत होती म्हणून नव्हे," ते म्हणाले. "तीन महिने. मी येईन. माझ्या खुर्चीचा पाय तेवढा बसवून ठेव."

"आता ती माझी खुर्ची आहे," दादा म्हणाले. "मला भिंत बरी वाटली. डोळ्यांवर ऊन येत नाही." मग थोडे थांबून, "बोल. तिरपी कुठून सुरू होते?"

"आधी मान वर कर. तिरपीला मान नाही, कंबर लागते."

दादांनी मान वर केली. छोटी दारात हाताची घडी घालून उभी होती. पट्टी एका छिद्रातून निघाली, उभ्याखालून, आडव्यावरून, अडखळत, चुकत पुढे सरकली. दोनदा तुटली. घामाने दादांचे कपाळ ओले झाले. सहासष्ट वर्षांच्या त्या मनुष्याने जीभ दातांत धरली होती, पाटीवर पहिले अक्षर काढणाऱ्या मुलासारखी. अर्ध्या तासाने त्यांनी पहिली तिरपी पट्टी पाचर मारून पक्की केली, चौकट उचलली आणि धाकट्या भावापुढे धरली.

धाकट्यांनी ती उजेडाकडे नेली, तिरकी करून पाहिली, अंगठा फिरवला. त्यांनी बराच वेळ घेतला. इतकी वर्षे ही वेळ येण्याची वाट त्यांनी पाहिली नव्हती, आणि आली तर ती अशी सोडणारही नव्हते.

"डावा कोपरा सैल राहिला," ते म्हणाले.

"ठाऊक आहे," दादा म्हणाले, आणि पट्टी उसवू लागले.